मेहनत कमी पडली, असं म्हणण्याआधी

१ ऑक्टोबर २०१९. दोहा. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची प्राथमिक फेरी सुरू आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे त्यात धावतोय.

स्टीपलचेस ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात २८ वेळा अडथळा ओलांडायचा असतो आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यायची असते. ११० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो. इथला होत नाही. इथे जाड तुळई असते, पाय अडकला तर आपणच आडवे होतो. त्यात बारा-पंधरा जण खांद्याला खांदा लावून धावत असतात, त्यामुळे दुसऱ्याची चूकही आपल्याला भोवू शकते. त्या दिवशी तेच झालं. पुढचा इथिओपियन धावपटू अडखळला आणि साबळे त्याच्यात अडकला. एकदा नाही, दोनदा. तरीही त्याने ८ मिनिटं २५.२३ सेकंदांत शर्यत संपवली. तो राष्ट्रीय विक्रम होता, पण अंतिम फेरीसाठी पुरेसा नव्हता.

मग भारतीय संघाने तक्रार केली. व्हिडिओ तपासला गेला, तक्रार मान्य झाली आणि साबळेला अंतिम फेरीत घेतलं. तीन दिवसांनी तो फायनल धावला, तेराव्या क्रमांकावर आला, ८ मिनिटं २१.३७ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीटही मिळवलं.

आता एक साधा प्रश्न. ही कामगिरी कुणाची?

‘साबळेची, अजून कुणाची?’ हे उत्तर बरोबरच आहे. पण कुणीतरी तक्रार लिहिली नसती, पंचांनी व्हिडिओ पाहिला नसता, तर तोच माणूस, तेच पाय, तीच छाती असूनही त्या तारखेला तो विक्रम झाला नसता. म्हणजे त्याच्या मेहनतीत तसूभर फरक न पडता निकाल पूर्ण वेगळा लागला असता. मला वाटतं, ‘मेहनत’ हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, ती सहजता इथे थोडी अडखळायला हवी.

एका इटालियन माणसाची गोष्ट

मदत घेतली म्हणून कामगिरी कमअस्सल होते का? या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण शंभरेक वर्षांपूर्वीचं आहे.

२४ जुलै १९०८, लंडन ऑलिंपिकची मॅरेथॉन. (आज आपण जे ४२.१९५ किलोमीटरचं विचित्र अंतर धावतो, ते याच शर्यतीतून आलेलं आहे.) इटलीतल्या कार्पी गावात मिठाईच्या दुकानात काम केलेला दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला. पण त्याच्या अंगातलं त्राण संपलं होतं. तो उलट्या दिशेला वळला. अधिकाऱ्यांनी त्याला परत फिरवलं. मग तो कोसळला, उठला, पुन्हा कोसळला. असं पाच वेळा. डॉक्टर आणि अधिकारी त्याला उठवत होते, सावरत होते. शेवटच्या साडेतीनशे मीटरला त्याला सुमारे दहा मिनिटं लागली. २ तास ५४ मिनिटं ४६ सेकंदांनी तो अंतिम रेषेपार गेला, दोन्ही बाजूंनी आधार घेत.

पाठोपाठ अमेरिकेचा जॉनी हेझ आला, कुणाचाही हात न धरता. अमेरिकेने तक्रार केली, पिएत्री बाद झाला, सुवर्णपदक हेझला मिळालं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चषक दिला. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल ती शर्यत पाहायला होता. पिएत्रीला गावात बेकरी काढता यावी म्हणून निधी जमवण्यात त्याने पुढाकार घेतला. जग हेझला विसरलं आणि पिएत्रीला लक्षात ठेवलं.

दोन तक्रारी बघा. १९०८ च्या तक्रारीने एका धावपटूला बाहेर काढलं, २०१९ च्या तक्रारीने एकाला आत घेतलं. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. का, ते जरा खणून पाहू.

पहिलं उत्तर सुचतं ते असं की ट्रॅकवर धावताना मदत चालत नाही, आधी आणि नंतर चालते. पण ते टिकत नाही. मॅरेथॉनमध्ये वाटेत पाण्याची टेबलं असतात. मोठ्या शर्यतींत ठरलेला वेग धरून पुढे धावणारे पेसर असतात. दोहानंतर आठच दिवसांनी, १२ ऑक्टोबर २०१९ ला, केनियाच्या एलिउड किपचोगेने व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं. दोन तासांच्या आत येणारा तो पहिला माणूस. पण त्याच्या भोवती पेसरांच्या तुकड्या आळीपाळीने धावत होत्या, पुढची गाडी रस्त्यावर लेझरच्या रेषा टाकत होती. जगाने टाळ्या वाजवल्या, पण अधिकृत विक्रम म्हणून त्याची नोंद झाली नाही.

दुसरं उत्तर जास्त पटतं. मदत सगळ्यांना सारखी मिळत असेल तर ती शर्यतीचा भाग. ती एकालाच मिळाली आणि त्याच्या पायांचं काम दुसऱ्याच्या हातांनी केलं, तर ती शर्यत राहत नाही. पिएत्रीला उचललं, हेझला नाही. किपचोगेचे पेसर फक्त किपचोगेचे होते. साबळेच्या बाबतीत मात्र उलट घडलं. त्याच्या वाटेत इतरांच्या वाटेत नसलेलं काहीतरी आलं होतं आणि पंचांनी ते दूर केलं. त्याच्या वाटची धाव त्यालाच धावायची होती. ती कुणी त्याच्यासाठी धावलं नाही.

म्हणजे नियम असा: शर्यत सगळ्यांसाठी सारखी हवी, आणि नसेल तर ती सारखी करणं ही मेहेरबानी नाही, न्याय आहे.

नियम सुंदर आहे. फक्त तो स्टेडियमच्या फाटकापाशी संपतो.

फाटकाच्या बाहेर

फाटकाच्या बाहेरची गोष्ट तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवर राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर, गाडी नाही, म्हणून पोरगं चालत, पळत शाळेत जायचं. बारावीनंतर सैन्यात भरती, महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. सियाचीनची थंडी, मग राजस्थानची उष्णता, मग सिक्कीम. २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीतून तो धावण्याकडे वळला. मध्ये वजन वाढलं, ते काही महिन्यांत सुमारे वीस किलो उतरवलं. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे आणलं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटं २९.८० सेकंद, आणि गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला.

रील इथे ढोल वाजवते आणि खाली लिहून येतं, ‘मेहनतीला पर्याय नाही.’

आता हीच गोष्ट उलटी वाचू. सैनी यांचा विक्रम ३७ वर्षं टिकला. या ३७ वर्षांत भारतात एकाही स्टीपलचेसरने पुरेशी मेहनत केली नाही, असं कुणी म्हणेल का? पहाटे उठणारे, उलट्या होईपर्यंत धावणारे, सुट्टी न घेणारे शेकडो असणार. मेहनत होती. मग कमी काय पडत होतं? अचूक उत्तर माझ्याकडे नाही, पण ‘मेहनत’ एवढंच ते उत्तर नक्कीच नाही.

आणि ते सहा किलोमीटर. या अंतराचं आपण फार कौतुक करतो, जणू त्या रस्त्यानेच धावपटू घडवला. पण त्या आणि तसल्या हजारो रस्त्यांवरून कितीतरी मुलं, आणि त्याहून जास्त मुली, रोज चालत गेल्या. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा, तिथे हंगाम आला की आईबापांबरोबर शाळाच सुटणारी मुलं आहेत. गावाला एसटी नसणं ही व्यवस्थेची उणीव आहे. एकाने तिच्यावर मात केली म्हणून ती उणीव प्रशिक्षण केंद्र ठरत नाही. गरिबीला श्रेय देऊन टाकलं की ती दूर करायची जबाबदारी आपोआप खांद्यावरून उतरते. ही फार सोयीची प्रेरणा आहे.

इतिहासातलं एक उदाहरण यापेक्षाही बोलकं आहे. पहिल्या महायुद्धानंतर पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी घरांतली पोरं अनवाणी धावत होती, आणि टाटांच्या लक्षात आलं की यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नाहीत. तिथून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायची कल्पना निघाली. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, वेळ सुमारे २ तास ५१ मिनिटं. बूट, डाएट चार्ट, फिजिओ यांतलं काहीही आजच्यासारखं नसताना.

चौगुल्यांची ताकद स्पर्धेच्या आदल्या दिवशीही होतीच. फरक एवढाच पडला की त्या दिवशी तिथे पाहणारं कुणीतरी होतं, आणि पाहून पुढे काहीतरी करण्याची ऐपत असलेलं होतं. त्याच वर्षी वैनगंगेच्या काठी धानाच्या बांध्यांवरून तितक्याच वेगाने कुणी पळत असेल, तर ते कुणाच्या वहीत लिहिलं गेलं नाही. तो पळाला असेल आणि घरी जाऊन जेवून झोपला असेल.

हरवणारेही हात लावतात

आणखी एक गोष्ट आकड्यांतून दिसते, आणि मला ती सगळ्यात आवडते.

२०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत साबळेने सुवर्ण जिंकलं. तो जवळपास सुरुवातीपासून पुढे होता, एकटा. वेळ ८ मिनिटं १९.५० सेकंद. ७ जुलै २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो सहावा आला. वेळ ८ मिनिटं ९.९१ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. म्हणजे एकट्याने जिंकताना जी वेळ लागली, तिच्यापेक्षा हरताना तो साडेनऊ सेकंदांनी वेगवान होता.

यात गूढ काही नाही. पुढे कुणी वेगाने धावत असेल तर वारा कमी लागतो, वेगाचा हिशेब डोक्यात करावा लागत नाही, आणि ‘याच्या मागे राहायचं’ एवढा एकच विचार पुरतो. पदकासाठीच्या शर्यती डावपेचांनी धावल्या जातात, त्याही कारणाने त्या मंद असतात. पण मुद्दा उरतोच. साबळेची सर्वोत्तम वेळ त्याला मागे टाकणाऱ्या पाच जणांच्या सोबतीने आली. त्यांनी त्याला हरवलं आणि त्याच धावेत त्याला त्याच्या हद्दीपलीकडे ओढून नेलं.

२०२२ चं बर्मिंगहॅम आठवा. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून स्टीपलचेसची सगळी पदकं केनियाने नेली होती. तीन केनियन एकमेकांना धरून धावत होते, त्यांच्यात एक भारतीय. निकाल: अब्राहम किबिवोट ८:११.१५, अविनाश साबळे ८:११.२०. फरक पाच शतांश सेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

किबिवोटने पाच शतांश सेकंदाइतकी जास्त मेहनत केली होती का? प्रश्नच हास्यास्पद वाटतो ना? मेहनत अशी मोजता येत नाही. घड्याळ फक्त इतकंच सांगतं की त्या दिवशी कोण आधी पोचलं. कोण किती लायक होतं हे ते सांगत नाही. ते आपण आपल्या मनाने जोडतो.

टोकियोत तर नियमच आडवा आला. साबळेने ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो बाहेर पडला, कारण त्याची हीट वेगवान होती. दुसऱ्या हीटमधून त्याच्यापेक्षा हळू धावलेले थेट फायनलला गेले. पॅरिसमध्ये तो हीटमध्ये पाचवा आला, नियमानुसार पहिले पाच पात्र होते, आणि ऑलिंपिकच्या स्टीपलचेस फायनलमध्ये पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्या फायनलमध्ये जागतिक विक्रम नावावर असलेला लामेचा गिर्मा शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडकून पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. गिर्माची मेहनत कमी पडली, असं त्या स्ट्रेचरकडे बघून म्हणायची हिंमत कुणाची होईल?

मग माणसाचं स्वतःचं काय?

इथे एक रास्त आक्षेप आहे. सगळंच परिस्थिती, नशीब आणि दुसऱ्यांची मदत असेल, तर साबळे उरला कुठे? पहाटे साडेचारला गजर बंद करून झोपणारा आणि उठून बूट घालणारा सारखेच का?

तत्त्वज्ञानात हा वाद जुना आहे. जॉन रॉल्सने १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या पुस्तकात मांडलं की जन्मजात गुण कुणाला किती मिळाले, कोण कुठल्या घरात जन्मला, यात कुणाचंच कर्तृत्व नाही. इतकंच नव्हे, तर मेहनत करायची वृत्तीसुद्धा बरीचशी घर आणि परिस्थितीतून येते. तीन वर्षांनी रॉबर्ट नोझिकने त्याला उलट प्रश्न केला: माणसाच्या निवडी, त्याचे निर्णय, त्याने आपल्या गुणांचं काय केलं, हे सगळं बाजूला काढलं तर माणसाची प्रतिष्ठा कशात राहते?

मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, आणि या दोघांच्या फार आधी गीतेच्या अठराव्या अध्यायात याचा एक नेटका हिशेब येऊन गेलाय असं वाटतं. कोणतंही काम तडीला जायला पाच कारणं लागतात असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान म्हणजे जागा किंवा शरीर, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवं दैव. आणि पुढे असंही म्हटलंय की हे पाच असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. गंमत बघा, या यादीत कर्त्याला वगळलेलं नाही. पाचांतला एक म्हणून ठेवलंय. शून्यही नाही आणि सगळंही नाही.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मला हे अँड गेटसारखं दिसतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला सगळ्यांनी ही आकृती काढलेली असते. अँड गेटला समजा पाच इनपुट आहेत. पाचही १ असतील तरच आउटपुट १. एकही ० असेल तर आउटपुट ०.

यातून दोन गोष्टी निघतात. आउटपुट १ आलं तर मेहनतीचं इनपुट १ होतं हे नक्की. म्हणून साबळेच्या मेहनतीला सलाम करताना कंजुषी करायचं कारण नाही. ८:२९ पासून ८:०९ पर्यंतचे वीस सेकंद त्याने स्वतःच्या पायांनी खोदून काढलेत. पण आउटपुट ० आलं, तर कुठलं इनपुट ० होतं हे नुसत्या आउटपुटकडे बघून सांगता येत नाही. मेहनत असेल, आहार असेल, मैदान असेल, गुडघा असेल, नियम असेल.

‘यशस्वी माणसाने मेहनत केली’ हे वाक्य खरं आहे. ‘अपयशी माणसाने मेहनत केली नाही’ हे त्यातून निघत नाही. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क कापले जातील. घरात, नात्यात, गावात, लिंक्डइनवर मात्र आपण हेच रोज लिहितो.

भंडाऱ्याच्या रस्त्यावर

हे सगळं नुसतं डोक्याला व्यायाम म्हणून लिहीत नाहीये. मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर या. लाखनी, साकोली, तुमसर, पवनी, कुठेही. पोट्टे पळताना दिसतील. पोरीही दिसतील, आता तर बऱ्याच. काही जण मैदानावर, बरेच रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या हेडलाइटमध्ये. हे छंद म्हणून धावणारे नाहीत. यांच्या हातात स्मार्टवॉच नसतं, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एक जण उभा असतो. पोलीस भरती, सैन्य भरती, एसआरपी. पोलीस भरतीत शारीरिक चाचणीचे ५० गुण. मुलांना १६०० मीटर धाव, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मग लेखी परीक्षा. घरच्या धानाच्या शेतीत सगळ्यांचं भागत नाही, कारखाने मोजके, म्हणून सकाळची ही पळापळ.

माझ्याबरोबर शाळेत असलेला एक जण या रांगेत पाच वर्षं होता. आम्हा मित्रांत सगळ्यात वेगवान तोच. एकदा थोड्या गुणांनी राहिला, एकदा भरतीच पुढे ढकलली गेली, एकदा ऐन चाचणीच्या आठवड्यात ताप, मग वय निघून गेलं. आता तो नागपूरला माल पोचवायची गाडी चालवतो. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा स्वतःहूनच म्हणाला, “मेहनत कमी पडली जी आपली.”

हे वाक्य मला फार लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर वाद घालता आला असता. तो स्वतःच म्हणत होता. पाच वर्षं पहाटे उठलेला माणूस स्वतःला आळशी ठरवत होता, कारण निकाल शून्य आला.

इथे एक साधं गणित मांडू. समजा शंभर जागा आहेत आणि पाच हजार मुलं. उद्या पाचही हजारांनी मेहनत दुप्पट केली, तर किती जण लागतील? शंभरच. कटऑफ तेवढा वर जाईल. जागा ठरलेल्या असतात तेव्हा चार हजार नऊशे जणांचं राहणं हे त्या रचनेतच लिहिलेलं असतं. त्यात अमुक एक जण का राहिला याचं कारण त्याच्या मेहनतीत असू शकेल, पण चार हजार नऊशे जण का राहिले याचं कारण त्यांच्या मेहनतीत असूच शकत नाही. आणि आपण नेमकं याच दुसऱ्या प्रश्नाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

माझं स्वतःचं घ्या. मी इंजिनिअर झालो, बरा पगार आहे. मी अभ्यास केला, खोटं कशाला सांगू. पण फीचा मोठा वाटा सरकारी शिष्यवृत्तीने भरला. शाळा घरापासून जवळ होती. आमच्या बॅचच्या वेळी कंपन्या भरती करत होत्या. दोन-तीन वर्षांनी मागे असलेल्या, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहिणाऱ्या पोरांच्या वेळी त्या करत नव्हत्या. रोज मी जे चार-दोनशे ओळी लिहितो, त्या जगभरच्या अनोळखी लोकांनी फुकट वाटलेल्या लाखो ओळींवर उभ्या असतात. कमिटवर नाव मात्र माझं एकट्याचं येतं. त्या नावात खोटं काही नाही. फक्त ते अपुरं आहे.

ऋण हा शब्द

काही जण म्हणतील, असं बोलून पोरांचं मनोधैर्य खच्ची होईल. नशिबावर हवाला ठेवतील, पळायचं सोडतील.

मला तसं वाटत नाही. अँड गेट पुन्हा बघा. बाकीची इनपुट १ असली तरी मेहनत ० असेल तर आउटपुट ०च. म्हणजे पळावं लागणारच. पळणाऱ्या पोराला हे समजावून सांगितलं तर तो पळायचं सोडणार नाही. राहिला तर स्वतःचा तिरस्कार करायचं तेवढं सोडेल, आणि ते सुटणं गरजेचं आहे. कारण स्वतःला दोष देत बसलेला माणूस दुसरं काही सुरूही करू शकत नाही. उलट ‘फक्त मेहनत’ हे तत्त्वज्ञान वर गेलेल्याला फुगवतं आणि राहिलेल्याला आतून पोखरतं.

जे पोचले त्यांच्यासाठी आपल्या भाषेत एक चांगला शब्द आहे: ऋण. हा शब्द माणसाला अपराधी ठरवत नाही. ऋण असणं म्हणजे चोरी केलेली असणं नव्हे. आपल्याला जे मिळालं त्यातलं काही दुसऱ्याच्या खात्यातून आलंय, एवढंच तो सांगतो, आणि ते फिरवायचं काम आपल्यावर ठेवतो. आपण एकटे गेटची पाचही इनपुट कुणासाठी १ करू शकत नाही. दैव तर नाहीच. पण साधनं आपल्या हातात आहेत. तालुक्याच्या मैदानावर पहाटे दिवे लागतील का, धावायला ट्रकच्या वाटेपेक्षा बरी जागा मिळेल का, पोरींना सुरक्षित वाटेल का, गावाला सकाळची एसटी येईल का, भरतीच्या तारखा वेळेवर जाहीर होतील का, शाळेत एक तरी पीटीचा मास्तर असेल का, जो वहीत वेळा लिहून ठेवतो. हे प्रेरणादायी विषय नाहीत, त्यांच्यावर रील बनत नाही. पण दोहात साबळेसाठी जे केलं गेलं तेही असंच कागदी, कंटाळवाणं काम होतं: अर्ज लिहिणं, व्हिडिओ तपासणं, नियम लावणं. वाटेत आलेला अडथळा काढला आणि धावायचं त्याच्यावर सोडलं.

ट्रॅकवर आपण हे न्याय म्हणून सहज मान्य करतो. फाटकाबाहेर तेच करायला कुणी सुचवलं, तर आपल्याला ते फुकटची मदत वाटते.

माझा तो मित्र अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा पळतो. कशासाठी, विचारलं तर हसतो. “बरं वाटते,” म्हणतो. पुढच्या वेळी तो ते वाक्य पुन्हा म्हणाला, तर माझ्याकडे त्याला द्यायला आता एक उत्तर आहे. तू पळालास, आम्ही पाहिलंय. जे कमी पडलं त्याची यादी मोठी आहे, आणि त्यातलं बरंचसं तुझ्या हातात नव्हतं. त्यातली जी एक-दोन कामं आज आपल्या हातात आहेत, ती पुढच्या पोट्ट्यांसाठी करायला येतोस का?